दुसऱ्याच्या नावाची खाट

तालुक्याचं रुग्णालय, शस्त्रक्रिया विभाग,
खाट क्रमांक पाच (सोमवारपर्यंत चार),
बुधवार, दुपारच्या चहानंतर

सन्माननीय थोरले बंधू जुमाकादिर अके यांना, आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा, इशेनकुलचा, हात छातीशी ठेवून सलाम.

अल्लाहच्या कृपेनं आपण, वहिनी, नातवंडं आणि तो गुडघा धरलेला करडा घोडा, सगळे सुखरूप असाल अशी आशा आहे. घोड्याला लेप लावताना थोडा आपण स्वतःच्या गुडघ्यालाही लावता असं कानावर आलं. दोघांपैकी कोणाला गुण आला ते कळवावं. इकडे माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे पित्ताशयात दगड आहेत, ते उद्या गुरुवारी सकाळी काढायचे आहेत, आणि उजव्या बरगडीखाली कोणीतरी खुंटी ठोकून तिच्यावर खोगीर टांगावं तसं वाटतं. ते सोडलं तर ठीक. (तब्येत विचारली की ठीक म्हणायचं ही जन्माची सवय. इथे त्यावरून सिस्टर चिडते. म्हणते, "ठीक असाल तर घरी जा, खाट रिकामी करा.")

पत्र लिहिण्याचं कारण असं, की आमची गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच असेल. मिनीबसचा ड्रायव्हर सोमवारी ती इथून घेऊन निघाला आणि प्रत्येक थांब्यावर थोडी थोडी उतरवत वर कुरणापर्यंत गेला. गोष्ट अशी, की आमच्या सूनबाईनं, झिनातनं, सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही या नादात सासराच दवाखान्यात हरवून टाकला. त्यावर कुरणातून तुमच्या बहिणीचा निरोप आला आहे: "झिनातला माहेरी पोचवा. बोलायला शिकली की बघू." आपण आपल्या बहिणीला माझ्या आधीपासून ओळखता. ती एकदाच बोलते. आणि "बघू" म्हणाली की ती पुढे बघत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. पोरीला आमच्या घरात येऊन आठ महिने झाले. आमचा मुलगा रशियात बांधकामावर, वसंतात येईल. तोवर ही माहेरी बसली, तर गावात काय काय बोललं जाईल ते मी लिहीत नाही. माहेरी धाडलेल्या सुनेसाठी खिंड उन्हाळ्यातही बंदच असते. आपण शुक्रवारी मेंढरं खाली आणायला वर जाणार आहात. तुमची बहीण जगात फक्त आपलं ऐकते, म्हणून जे घडलं ते आपण क्रमानं माझ्याकडून ऐकावं. (इथे उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. एकतीस पावलं. आठवड्याभरात त्या फरशीवर माझी पायवाट पडली आहे.)

आधी भिंतीवरच्या कागदाबद्दल सांगतो, कारण सगळ्याची सुरुवात तिथून आहे. वॉर्डाबाहेर काचेच्या चौकटीत एक कागद लावला आहे. डावीकडे रुग्णाचे हक्क, नऊ. उजवीकडे रुग्णाची कर्तव्यं, अकरा. (हक्कांपेक्षा कर्तव्यं दोननं जास्त. मला नवल वाटलं नाही. पाटाच्या पाण्याचं खातं तीस वर्षं सांभाळतोय, तिथेही हाच हिशोब आहे.) अकराव्या कर्तव्यावर घोड्याचं चित्र असलेलं कॅलेंडर टांगलं आहे, त्यामुळे ते काय आहे हे कोणालाच माहीत नाही आणि आपण ते पाळतोच असं धरून सगळे चालतात. आपल्याला माहीत आहे, मी गावच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलो, आणि छापलेलं दिसलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. हा कागद मला आता पाठ आहे. आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क. उपचार नाकारण्याचा हक्क. कर्तव्यांत, पथ्य पाळावं, कर्मचाऱ्यांच्या कामात व्यत्यय आणू नये, वगैरे. दुसरं कर्तव्यही मी वाचलं होतं, पण त्या दिवशी चष्मा झिनातच्या पिशवीत होता.

तर गेल्या बुधवारी झिनात मला घेऊन आली. मी पोट धरून बाकावर बसलो आणि ती दाखल करून घेणाऱ्या खिडकीपाशी गेली. खिडकीतल्या बाई शहरातल्या. त्यांनी विचारलं, "पेशंटचं नाव?" झिनात गप्प. तुमच्या बहिणीनंच तिला शिकवलं आहे, सासऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही, त्या नावाशी जुळणारा शब्दही आणायचा नाही. स्वतः तुमच्या बहिणीनं सव्वीस वर्षांत माझ्या वडिलांचं नाव घेतलं नाही, आणि ते नाव ज्याचं होतं तो माणूस आमच्या लग्नाआधीच गेला, तरी घेत नाही. मागे रांग. बाई म्हणाल्या, "अगं, मुकी आहेस का?" झिनात म्हणाली, "आमचे बाबा." बाई म्हणाल्या, "इथे सगळे कोणाचे ना कोणाचे बाबाच येतात." शेवटी बाईंनी रजिस्टर फिरवून तिच्यापुढे केलं आणि म्हणाल्या, बोट ठेव. आणि झिनातनं खाली मान घालून बोट ठेवलं ते एक ओळ खाली. वरच्या ओळीत मी होतो, दगड, गुरुवारी सकाळी पहिला नंबर. खालच्या ओळीत तुरदुबेक नावाचा कोणी ट्रॅक्टरवाला होता, हर्निया, सोमवारी. असं झालं. निदान असं झालं असं सगळे म्हणतात.

आपण विचाराल, सिस्टरनं तुरदुबेक अशी हाक मारली तेव्हा तू का बोलला नाहीस. बरोबर आहे. मीही स्वतःला विचारलं. पण सिस्टरच्या हातात सहा फाइली होत्या, तोंडात पेन होतं, आणि व्यत्यय आणू नये हे पाचवं कर्तव्य मी नुकतंच वाचलं होतं. शिवाय हाक मारलेल्या माणसाला ओ न देणं बरं दिसत नाही. एकदा ओ दिली की दुसऱ्यांदा आपोआप येते. संध्याकाळपर्यंत माझ्या पायाशी तुरदुबेक अशी पाटी लागली. नमाज खाटेवर बसून करत होतो. मनात म्हटलं, वरच्याला पाटी बघावी लागत नाही. आणि खरं सांगायचं, अके, दुसऱ्याच्या नावाखाली झोप फार गाढ लागते. गुरुवारी सकाळी दारात येऊन सिस्टरनं विचारलं, "इशेनकुल आला का?" शेजारच्या खाटेवर काचकिनबाय म्हणून म्हातारा मेंढपाळ आहे, घोड्यावरून पडून पाय मोडलेला. तो म्हणाला, "नाही आला. पळाला असेल घाबरून." मीही मान हलवली. एवढी मात्र खरी माझी चूक.

खऱ्या तुरदुबेकचं काय झालं ते नंतर कळलं. तो बिचारा गुरुवारी वेळेवर आला होता. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर बघून सांगितलं, तुरदुबेक कालच दाखल झाला. यावर कोणीही माणूस भांडला असता. तो म्हणाला, "बरं झालं," आणि बाजारातून ट्रॅक्टरचा एक पट्टा घेऊन घरी गेला.

रविवार उजाडला. भेटायला येणाऱ्यांचा दिवस. आजाऱ्याला भेटायला जाणं आपल्यात चुकवता येत नाही हे मी आपल्याला काय सांगावं. पण ते दुसऱ्याच्या आजाऱ्याला किती लागू होतं याचा मी कधी विचार केला नव्हता. दारात एक आजी आली. उमसुन तिचं नाव, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात कापडात बांधलेलं पातेलं. म्हणाली, "कुठाय माझा तुरदुबेक?" सिस्टरनं माझ्याकडे बोट दाखवलं. आजीनं पातेलं ठेवलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "किती वाळलास रे. आणि नाक केवढं झालं तुझं." काचकिनबाय म्हणाला, "आजारपणात नाक वाढतं, आजी. माझं बघा." आजी वीस वर्षांपूर्वी तुरदुबेकला त्याच्या लग्नात भेटलेली, तीन गाड्या बदलून आलेली. तिला मी काय सांगणार? तोंड उघडलं ते सांगण्यासाठीच. पण आपल्या म्हाताऱ्यांपुढे तोंड उघडण्याचा अर्थ एकच होतो. तिनं मूठभर मांस मेंढीच्या शेपटीच्या चरबीत घोळून सरळ माझ्या तोंडात भरलं.

अके, वडीलधाऱ्या हातचा घास नाकारलेला माणूस आपण पाहिला आहे का? मी नाही. भिंतीवरच्या कागदात उपचार नाकारण्याचा हक्क आहे, डॉक्टर नाकारण्याचा आहे, आजीची मूठ नाकारण्याचा कुठेही नाही. पित्ताशयाच्या रुग्णानं चरबीकडे बघूसुद्धा नये असं मला दोनदा बजावलं होतं. पण ते इशेनकुलला. तुरदुबेकला कोणी काही बजावलं नव्हतं. मी तीन मुठी खाल्ल्या. मग आजीनं हात पसरून तुरदुबेकसाठी दुआ मागितली, लांबलचक, त्याच्या बायकोला सुबुद्धी मिळण्यापर्यंत. मी आमीन म्हणालो. ती दुआ मी स्वतःकडे ठेवली नाही. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या वाफ्यात वळवणाऱ्यांशी मी तीस वर्षं भांडलो आहे. मनातल्या मनात ती योग्य माणसाकडे सोडून दिली.

मांस मात्र सोडता आलं नाही. दुपारच्या नमाजानंतर पोटात जे सुरू झालं ते मी आपल्यासारख्या जाणकारालाही वर्णन करू शकत नाही. सुट्टीच्या दिवशीचा तरुण डॉक्टर आला. "काय खाल्लंत?" मी म्हणालो, "थोडंसं." काचकिनबाय म्हणाला, "शेपटीची चरबी. तीन मुठी. मी मोजल्या." डॉक्टरनं फाइल बघितली. "हर्नियाला चरबीनं काय होतं?" असं स्वतःशीच म्हणाला, इंजेक्शन दिलं आणि गॅस असं लिहून गेला. (इथे पुन्हा खिडकीपर्यंत गेलो. बाहेर झिनात बाकावर बसली आहे, मांडीवर सुपाचा डबा. भेटायची वेळ चारला आहे. ती दोनपासून येऊन बसते.)

सोमवारी सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, बेगिमाय त्यांचं नाव. वयानं आपल्या थोरल्या मुलीएवढ्या, पण बोलू लागल्या की वाटतं गावच्या पंचात बसल्या आहेत. राजधानीहून त्या आदल्या रात्रीच परतल्या होत्या. मला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. कागदावर चित्र काढून हर्निया म्हणजे काय ते त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं, हक्क क्रमांक तीन, आणि मला ते इतकं समजलं की मला तो नाही हेही समजलं. मग त्यांनी पोट तपासलं.

"कुठाय हर्निया?"

"येतो जातो," मी म्हणालो.

त्यांनी खाली दाबलं, काही झालं नाही. वर बरगडीखाली दाबलं तेव्हा मी खाटेवरून हातभर उडालो.

"तुमचा हर्निया इतका वर कसा चढला?"

"डोंगरातला माणूस आहे, डॉक्टर," काचकिनबाय म्हणाला. "त्यांच्याकडे सगळंच चढून जातं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. वाचा, समजलं असेल तर सही करा. खाली छापलं होतं: मी, तुरदुबेक अमुक तमुक. अके, दुसऱ्याच्या नावानं मी झोपलो, खाल्लं, दुआ घेतली. पण पाटाच्या वहीत तीस वर्षं मी रोज सही करत आलो आहे. तिथे कधी दुसऱ्याच्या नावानं अंगठाही उठू दिला नाही. बिस्मिल्ला म्हणून पेन टेकवलं आणि हातानं इशेनकुल असं लिहून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. "इशेनकुल कोण?"

त्याच वेळी दारात खरा तुरदुबेक उभा राहिला, बायकोनं दंडाला धरून आणलेला, मागे पातेलं घेऊन उमसुन आजी. आजी त्याला म्हणाली, "ये रे बाळा, लाजू नकोस, आमच्या तुरदुबेकला सलाम कर." त्यानं मला सलाम केला. मीही केला. त्याची बायको म्हणाली, "मी याला चार दिवस विचारतेय, तू इथे आहेस तर तिथे कोण आहे, तर हा म्हणतो सरकारी काम आहे, आपण कशाला बोला."

सगळा वॉर्ड हसला. मोडक्या पायासकट काचकिनबायही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "हे कसं झालं?" तेव्हा तिथे बोटाचा आणि ओळीचा प्रकार सांगितला गेला. झिनात सुपाचा डबा घेऊन दाराशी उभी होती. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "अगं, एक नाव घेतलं असतंस तर जीभ झडली नसती. ह्यांचं पित्ताशय फुटलं असतं, कळतंय?" झिनातनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. चारचौघांत सासऱ्यासमोर ती बोलत नाहीच.

मग माझी पाटी बदलली, खाट पाचवर आली, चारवर तुरदुबेक. परवा त्याचा हर्निया निघाला. झोपेतून उठल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, "माझाच काढला ना?"

असं सगळं आहे. वहिनींना सलाम, नातवंडांच्या कपाळाचे मुके. उद्याचं अल्लाहच्या हाती, आणि डॉक्टरीणबाईंच्या.

आपला,
इशेनकुल (पाटी तपासून लिहिलं आहे)

ता. क. – आज कोणी बघत नसताना कॅलेंडर उचलून अकरावं कर्तव्य वाचलं. एवढे दिवस वाटत होतं की तिथे काहीतरी मोठं असेल, माणसाला ज्याची खरी गरज असते असं. "भेटायला येणाऱ्यांनी जोडे बाहेर काढावेत." तेव्हा आपण आलात तर धड मोजे घालून या.

पुन्हा ता. क. – अके, वर सगळं लिहिलं, ते ड्रायव्हरच्या गोष्टीसारखंच झालं. पाकीट बंद करून पुन्हा फोडलं आहे. दुसरं कर्तव्य असं आहे: "रुग्णाने स्वतःबद्दल खरी माहिती द्यावी." चष्मा माझ्या खिशातच होता.

बोट कोणी ठेवलं नाही. झिनात घरूनच एका चिठ्ठीवर माझं नाव लिहून घेऊन आली होती. तिनं ती खिडकीत दिली, बाईंनी ती बघून नोंद केली, एका शब्दाचीही गडबड झाली नाही. मी बाकावर बसलो होतो. सिस्टर फाइली घेऊन आली आणि म्हणाली, "इशेनकुल? उद्या सकाळी पहिला." मी फरशीकडे बघत राहिलो. आपल्याला माहीत आहे, आमच्या वडिलांना याच इमारतीत आणलं होतं, आणि ते ठीक आहे म्हणतच आत गेले होते. परतताना गाडी मागून येत होती आणि मी पुढे घोड्यावर होतो, सोळा वर्षांचा. मागे वळून बघायचं नाही असं मला सांगितलं होतं. सिस्टरनं पुढचं नाव घेतलं, तुरदुबेक, सोमवार. सोमवार म्हणजे आणखी पाच दिवस. मी हात वर केला.

झिनात शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली तेव्हा मी म्हणालो, "दवाखान्यात असंच असतं." ती बरं म्हणाली. आणि सोमवारी सगळ्या वॉर्डासमोर बोटाची गोष्ट सांगितली ती मीच. इतकी चटकन सुचली की मलाच लाज वाटली. आपल्या रीतीभातींत माणसाला लपायला किती तयार जागा असतात. आपण आठशे मेंढ्यांवर सुरी चालवली आहे, आपल्याला ही भीती कळणार नाही. पण खोटं कळेल.

तेव्हा विनंती ही. शुक्रवारी वर गेलात की तंबूत सगळ्यांसमोर, विशेषतः त्या ड्रायव्हरसमोर, हे पत्र मोठ्यानं वाचा. पाहिजे तर वरचं सगळं गाळा, पण हा ता. क. पूर्ण वाचा. तुमच्या बहिणीला सांगा, सून बोलायला शिकलेली आहे, तुझ्या नवऱ्यालाच शिकवायचं राहिलं आहे. उद्या मी उठलो तर हे स्वतःच्या तोंडानं सांगेन. नाही उठलो तर फक्त हे पत्र असेल, म्हणून घाईनं लिहितो आहे.

शेवटचा ता. क. – चार वाजून गेले, झिनात येऊन गेली. मी तिला सगळं कबूल केलं आणि म्हणालो, सिस्टर उद्याची खात्री करायला येईल, तेव्हा तूच माझं नाव सांग, मी परवानगी देतो. ती म्हणाली, "नाही बाबा. आईंनी सांगितलंय." आणि तिनं खिशातून ती चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. खिडकीतल्या बाईंनी बुधवारीच परत दिली होती. सोमवारी डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हाही ती तिच्या खिशातच होती.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. वहीचं पान आहे, अक्षर शाळेत बक्षीस मिळालेलं असावं असं. माझं नाव, वडिलांचं नाव, जन्माचं वर्ष, दगड. त्याच्या खाली आणखी एक ओळ आहे, ती मी आज पहिल्यांदा वाचली. ती तुमच्या बहिणीला वाचून दाखवायची की नाही हे आपण ठरवा:

"ते ठीक आहे म्हणतील. ठीक नाहीत. घाबरतात, कृपया हळू बोला."